बोरमाळचा टॉवर आणि मानसिंगची मिशी

"दसऱ्याच्या आत ह्या टॉवरला नव्या बॅटऱ्या बसल्या न्हाईत, तर ही मिशी हितंच, ह्या पारावर, समद्या गावाम्होरं उतरवतो! मानसिंग गव्हाणे म्हनत्यात मला!"

एवढं बोलून मानसिंगनं मिशीच्या दोन्ही टोकांना पीळ दिला आणि तो पारावरून खाली उतरला. मिशी होतीच तशी. नाकाखालून निघून दोन्ही गाल पार करून थेट कानांच्या भेटीला निघालेली. कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो बघणाऱ्याला आधी मिशी दिसायची आणि मग जरा वेळानं मानसिंग.

गाव खूश झालं. गर्दीत उभी असलेली त्याची आई सारजाबाई शेजारणीला कोपरानं ढोसत म्हणाली, "बग, माजा मान्या. बोलला की बोलला."

मानसिंग मोटरसायकलला किक मारून निघाला, तो मंगळवेढ्याच्या स्टँडपर्यंत पोचला तेव्हा त्याच्या फोनमधल्या कंपनीच्या सिमला रेंज आली. रेंज आल्याबरोबर सकाळपासून कुठंतरी लोंबकळत असलेला पुण्याच्या ऑफिसचा निरोप टुणकन खाली पडला. 'बॅटऱ्यांची खरेदी थांबवली आहे. पुढील सूचना येईपर्यंत मागणी करू नये.'

निरोप सकाळीच निघाला होता. पण बोरमाळचा टॉवर बंद होता, त्यामुळं तो मानसिंगला मिळाला नाही. टॉवर चालू असता तर निरोप वेळेत आला असता, मानसिंग पारावर चढलाच नसता आणि मिशी सुखरूप राहिली असती. गगनवाणी टेलिकॉम कंपनीचा कारभार हा असा होता. तिच्या भानगडींची खबर तिच्याच माणसांना तिच्याच भानगडींमुळं लागत नसे.

एके काळी गगनवाणीचं सिम खिशात असणं म्हणजे मान होता. आता गिऱ्हाईकं नळाच्या पाण्यासारखी कमी कमी होत चालली होती. बोरमाळचा रोग साधा होता. गावात लाईट असेपर्यंत टॉवर चालायचा. लाईट गेली की बॅटऱ्यांनी तो चालवायचा, पण बॅटऱ्या फुगून केव्हाच मेल्या होत्या. आणि लाईट तर बोरमाळात पाहुण्यासारखी यायची, चहा घेऊन जायची. गावातल्या सगळ्यांनी दुसऱ्या कंपनीची सिमं घेतली होती. एकटी सारजाबाई हट्टाला पेटली होती. "लेकाच्या कंपनीचं सिम टाकून दुसऱ्याचं वापरू? उद्या म्हनाल दुसऱ्याचा लेक घरात आन." त्यामुळं तिला मानसिंगशी बोलायचं झालं की ती शेजारणीच्या फोनवरून बोलायची आणि शेजारीण मध्ये मध्ये टोमणे मारायची. म्हणून तर मानसिंग पारावर चढला होता. मिशी त्याची असली, तरी आईचं नाक तिच्यात अडकलं होतं.

गगनवाणीचं सोलापूरचं ऑफिस शुक्रवार पेठेत ईरम्मांच्या शेंगा चटणीच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर शेंगदाणे भाजायचे, आणि वर ऑफिसातली मंडळी. ऑफिसात गगनवाणीची रेंज फक्त मोरीच्या खिडकीत यायची. त्यामुळं 'सर मोरीत आहेत' असं कुणी सांगितलं की समजायचं, महत्त्वाचा फोन चाललाय.

काउंटरवर अपेक्षा बसायची. कनेक्शन बंद करायला येणाऱ्याला परावृत्त करणं हे तिचं काम. ती म्हणायची, "बंद करायचंय? करू की. बसा आधी, चहा घ्या." हळूहळू पेठेतली रिकामी मंडळी रोज कनेक्शन बंद करायला येऊ लागली. टॉवरवर चढणारा युवराज हा तिसरा. या तिघांचं ऑफिस, आणि तिघांच्या खिशात गगनवाणीच्या सिमच्या जोडीला दुसऱ्याच कंपनीची सिमं.

शनिवारी पुण्याच्या साहेबांबरोबर व्हिडिओवर मिटिंग असायची. गगनवाणीच्या नेटवर्कवर साहेबांचा चेहरा नुसता चौकोन चौकोन दिसायचा, म्हणून ती मिटिंग ईरम्मांच्या दुकानातल्या वायफायवर व्हायची. आणि ईरम्मा पासवर्ड बदलत असत.

"ईरम्माक्का, पासवर्ड चालंना ओ," मानसिंग जिन्यात वाकून म्हणाला.

"बदललाय की."

"का?"

"गेल्या आठवड्यात चटणी कोण नेलं सांगा बघू? कोणच नाही. चटणी न नेता मिटिंग करता होय रे तुमी?"

चटणीची पुडी घेतल्यावर पासवर्ड मिळाला आणि पडद्यावर नंदीश साहेब उगवले.

नंदीश साहेब नवे होते. आधी ते बिस्किटांच्या कंपनीत होते. तिथं त्यांनी बिस्किटांचा खप वाढवला, म्हणून गगनवाणीच्या मालकांनी त्यांना रेंजचा खप वाढवायला आणलं. माणूस गोड बोलायचा. बिस्कीट जसं चहात पडल्यावर विरघळतं तशी त्यांच्या बोलण्यात समोरच्याची तक्रार विरघळायची.

"मित्रांनो, आपला प्रॉब्लेम बॅटरी नाही. आपला प्रॉब्लेम माइंडसेट आहे."

"सर, बॅटरी फुगलीय," युवराज म्हणाला.

"मनातली बॅटरी चार्ज करा, युवराज."

"करतो सर. टॉवरला कुठली वायर जोडू तिची?"

साहेबांनी सगळ्यांचे आवाज बंद केले आणि मग पुढं बोलले. बिस्कीट दुकानात आपोआप पोचत नाही, माणूस चालतो तेव्हा पोचतं. तसंच रेंजचं आहे. तेव्हा प्रत्येकाला कंपनीचा एक फोन मिळेल. त्यात 'गगनपथ' नावाचं अॅप. दर सोमवारी सकाळी त्याला आपला चेहरा दाखवायचा, मग आठवडाभर फोन जवळ ठेवून ग्राहकांमध्ये फिरायचं. कोण किती चालला, कुठं रेंज कशी आहे, सगळं अॅप आपोआप कळवेल. दसऱ्याआधी जी शाखा सगळ्यात जास्त चालेल, ती मागेल ते तिला मिळेल.

मानसिंगनं हात वर केला. आवाज बंद होता म्हणून तो उठून उभा राहिला. तरी साहेबांचं लक्ष जाईना, तेव्हा त्यानं मिशी कॅमेऱ्यासमोर धरली.

"बोला मानसिंग."

"मागंल ते म्हंजे बॅटऱ्या बी?"

"काहीही मागा! स्काय इज द लिमिट!"

मानसिंग खुर्चीत बसला आणि म्हणाला, "झालं काम."

अॅप आलं आणि आयुष्यात एक बाई आली. फोनमधली. माणूस जरा कुठं टेकला की ती गोड आवाजात म्हणायची, "आपण बराच वेळ बसलेले आहात. कृपया उठावे. ग्राहक आपली वाट पाहत आहे." मानसिंग चुलत्याच्या तेराव्याला पंगतीत बसला होता तेव्हा ती हे म्हणाली. अपेक्षाला ती काउंटरवर दिवसभर म्हणायची आणि समोर चहा पिणारे ग्राहक "आमी हितंच हाय की ताई" असं फोनला सांगायचे. सगळ्यात वाईट युवराजचं झालं. तो बिचारा टॉवरवर चढायचा, पण अॅपला वर जाणं म्हणजे चालणं आहे हे माहीतच नव्हतं. टॉवरच्या टोकाला, वाऱ्यात, एका हातानं लोखंड धरून तो वायर जोडत असताना खिशातून बाई म्हणायची, "आपण बराच वेळ बसलेले आहात."

"खाली पडलो असतो मालक," युवराज म्हणाला. "तवा मातर चाललो असं धरलं असतं का नाही, कुणास ठाऊक."

पहिल्या आठवड्यात जो खरं काम करायचा त्याचे गुण सगळ्यात कमी आले. सोलापूर शाखा शेवटून पहिली.

त्यानंतर एके दिवशी मानसिंग आणि युवराज मंगळवेढ्याच्या रस्त्यानं मोटरसायकलवरून चालले होते, तर रस्ता मेंढरांनी भरलेला. मागं खांद्यावर घोंगडं टाकून बिरप्पा. तो बोरमाळचाच, मानसिंगच्या शाळेतला. कळपाच्या पुढं एक एडका चालला होता, शिंगं पिळदार, चाल अशी की रस्ता त्याच्या नावावर आहे. बिरप्पानं त्याचं नाव ठेवलं होतं फौजदार.

"बाजूला घे की रं," मानसिंग म्हणाला.

"फौजदाराला सांग," बिरप्पा म्हणाला. "मी त्याच्या हाताखाली हाय."

मानसिंगनं गाडी बंद केली आणि मेंढरं जाईपर्यंत तो त्यांचे पाय बघत बसला. पाय, पाय आणि पाय.

"बिरप्पा, ही दिवसभर चालत्यात?"

"उन्हं कलंस्तवर."

"बसत न्हाईत?"

"फौजदार बसू देतोय व्हय? एक जरी बसली तर शिंगानं उठिवतो."

मानसिंगनं युवराजकडं पाहिलं. युवराजनं मानसिंगकडं पाहिलं. मानसिंगचा हात आपोआप मिशीकडं गेला.

पुढं जास्त बोलायची गरज पडली नाही. कापडाच्या तीन पिशव्या शिवून घेतल्या. सोमवारी सकाळी तिघांनी माळावर जाऊन आपापले चेहरे दाखवायचे आणि फोन मेंढरांच्या गळ्यात बांधून परत यायचं. मानसिंगचा फोन अर्थातच फौजदाराच्या गळ्यात. बिरप्पाचं बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्यावर बॅटरी चार्ज करायची सौरप्लेट होतीच.

"आन ह्याच्यात माजं काय?" बिरप्पानं विचारलं.

"गावाला रेंज!"

"रेंज माजी मेंढरं खात न्हाईत, मालक."

शेवटी दर आठवड्याला शेंगा चटणीवर सौदा झाला. पासवर्डसाठी घ्यावी लागणारी चटणी अशी कारणी लागली. ईरम्मा खूश, बिरप्पा खूश. कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच एका दगडात दोन माणसं खूश झाली होती.

आकडे जे वर चढले ते विचारू नका. नाशिक मागं पडलं, कोल्हापूर मागं पडलं. शनिवारी पडद्यावर नंदीश साहेबांचा चेहरा उजळलेला.

"हे मानसिंग बघा! रविवारीसुद्धा थांबत नाहीत. काट्याकुट्यात शिरलेत, ओढ्यात उतरलेत! मानसिंग, ओढ्यात कसला ग्राहक भेटला तुम्हाला?"

"सर, गिऱ्हाईक कुटंबी असतंय. आपली उतरायची तयारी पायजे."

"ऐका! सगळ्यांनी ऐका हे!"

"आणि साहेब, तेवढं बॅटऱ्यांचं..."

"त्यावर येतोच आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पडद्यावर नकाशा लावला. मंगळवेढ्याकडचा सगळा माळ हिरवागार. "हा तुम्हीच पाठवलेला नकाशा. जिथून जिथून आकडा आला, तिथं तिथं रेंज उत्तम! एकही लाल ठिपका नाही. इतकं छान नेटवर्क असताना बॅटऱ्या कशाला? गोदामात उरल्या होत्या त्या मी दुसरीकडे दिल्या."

मानसिंगला काही कळेना. अपेक्षानं त्याच्या कानात सांगितलं, "भाऊ, जिथं रेंज नाही तिथनं फोनचा आकडा जातच नाही. जिथनं जातोय तिथं रेंज असणारच की. मग साहेबांना सगळा हिरवाच दिसणार."

"म्हंजे फौजदारानं मला बुडिवलं?"

"फौजदारानं नाही. फौजदाराला तुमीच लावलंय."

पडद्यावर साहेब बोलतच होते. "पण तुमचा हक्क मी मारणार नाही. मी स्वतः येतोय. तुमचा सत्कार करायला. तुमच्या गावात, तुमच्या टॉवरखाली! दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी. आणि तो सत्कार आपल्याच नेटवर्कवर लाइव्ह दाखवणार. मोठे मालक बघतील!"

मिटिंग संपली. युवराजला वाटलं, मानसिंग आता कोसळणार. पण मानसिंग हसत होता. मिशीची दोन्ही टोकं वर गेली होती.

"लाइव्ह म्हनला न्हवं? आपल्या नेटवर्कवर? दुपारी? यू द्या त्येला. बोरमाळची लाईट दुपारी जातीया. साहेब भाषणाला उभा ऱ्हाणार, लाईट जाणार, टॉवर मरणार. मोठ्या मालकाम्होरं साहेबाचं तोंड असं थिजून ऱ्हाईल, हां, असं." मानसिंगनं तोंड उघडं ठेवून दाखवलं. "त्याच दिवशी बॅटऱ्या येत्यात का न्हाय बगा. साहेब सोता डोक्यावर घिऊन यील."

बेत नामी होता. तो फक्त तिघांना माहीत होता. आईला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण सारजाबाईच्या पोटात गोष्ट राहायची नाही. शेजारणीच्या फोनवरून ती तालुकाभर गेली असती.

सत्काराच्या दिवशी बोरमाळात टॉवरखाली मांडव पडला. हलगी आली. सोलापुरी चादर आली, फेटे आले, नारळ आले. नंदीश साहेबांना बांधलेला फेटा त्यांच्या डोक्यापेक्षा मोठा झाला, पण ते त्यात खूश दिसत होते. सारजाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. साहेबांनी फोन काठीला लावला, लाइव्ह सुरू केलं आणि माईक हातात घेतला.

"मित्रांनो, नेटवर्क म्हणजे काय? नेटवर्क म्हणजे विश्वास!"

विश्वास म्हणता म्हणता लाईट गेली. भोंगा गप्प. पंखे गप्प. मानसिंग उठून पुढं झाला. साहेब फोनकडं बघून म्हणाले, "अरे, हे गोल गोल काय फिरतंय?"

मानसिंगनं घसा साफ केला. हे वाक्य त्यानं आठवडाभर घोकलं होतं. "सर, लाईट गेली की टॉवर जातोय. कारण त्याला बॅ..."

मांडवामागून फट् फट् फट् असा आवाज आला. धूर निघाला. भोंगा खरखरला, पंखे फिरले, आणि टॉवरवरचा लाल दिवा लागला.

घडलं होतं ते असं. मंगळवेढ्याच्या मांडववाल्याचा जनरेटर सारजाबाईनं भोंग्यासाठी म्हणून आणवला होता. जनरेटर बघून तिच्या मनात आलं, भोंग्याला चालतो तर टॉवरला का नाही? पाव्हण्याम्होरं लेकाचा टॉवर मेला तर तोंड कुठं लपवायचं? तिनं युवराजला गाठलं.

"पोरा, हे टावरला जोड."

"मावशी, राहू द्या ओ," युवराज म्हणाला. त्याला बेत माहीत होता. "भोंग्यापुरता ठीक हाय तो."

"का?"

"नाही जोडता येत तसं."

"येत न्हाय व्हय तुला? तसं सांग की मग. त्या मांडववाल्याला सांगते, त्यो जोडील."

सबंध हयात टॉवरवर लोंबकळून काढलेल्या माणसाला हे बोलणं! युवराजचे कान तापले. बेत बाजूला राहिला, पक्कड बाहेर आली, आणि लाईट जायच्या आधीच जोडणी तयार होती. अशी तयार, की लाईट असताना यायची नाही इतकी रेंज आता आली.

साहेबांनी फोनकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "पाहा! मोठे साहेब, पाहा! गावात लाईट नाही, तरी रेंज फुल्ल! एकही नवी बॅटरी न घेता! याला म्हणतात माइंडसेट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात सारजाबाईनं वाजवल्या. मानसिंग 'बॅ'वर तोंड उघडं ठेवून उभा होता. तो लाइव्हमध्ये तसाच दिसला.

जनरेटरच्या आवाजानं मात्र माळावरची मेंढरं बिथरली आणि सवयीनं गावाच्या वाटेला लागली. आधी धूळ दिसली, मग फौजदार दिसला. तो कळपाच्या पुढं होता आणि सरळ मांडवात शिरला. बायका बाजूला झाल्या, हलगीवाला खुर्चीवर चढला. फौजदार मंचापाशी येऊन थांबला आणि त्याच्या गळ्यातली बाई गोड आवाजात म्हणाली:

"अभिनंदन, मानसिंग गव्हाणे! आपण आजचं लक्ष्य पूर्ण केलं आहे. आता थोडी विश्रांती घ्यावी."

साहेबांनी सावकाश काठी फिरवली आणि आवाज बंद करून कॅमेऱ्याचं तोंड टॉवरच्या टोकाकडं केलं. मोठे मालक आता आभाळ बघत होते. मग साहेब खाली उतरले, फौजदाराच्या गळ्यातली पिशवी उघडली आणि फोन बाहेर काढला. पडद्यावर मिशी होती. त्यांनी मिशीकडं पाहिलं, मानसिंगकडं पाहिलं, फौजदाराकडं पाहिलं.

"ओढ्यात उतरला होता तो हा?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"व्हय साहेब."

"रविवारी पण?"

"त्येला रविवार नसतोय."

साहेबांनी फोनवरची धूळ पुसली. मग त्यांनी फोन पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली, सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा नीट मारली. "दिवाळीला माझं मोठ्या साहेबांसमोर प्रेझेंटेशन आहे. तोवर हा थांबता कामा नये."

मानसिंगच्या अंगात बळ आलं. साहेबांची शेंडी हातात आली होती. तो पुढं सरकून म्हणाला, "मग बॅटऱ्या द्या, साहेब. न्हाईतर हे समदं वर कळवीन."

"द्यायला काही नाही, मानसिंग. पण बॅटऱ्या द्यायच्या तर आधी म्हणावं लागेल की रेंज नव्हती. रेंज नव्हती म्हटलं की नकाशा खोटा. नकाशा खोटा म्हटलं की ते विचारणार, मग चालत होतं कोण?"

दोघांनी फौजदाराकडं पाहिलं.

साहेबांनी आपल्या गळ्यातला हार काढून फौजदाराच्या गळ्यात घातला. गावाला वाटलं, साहेब मुक्या जनावरांचे लई प्रेमी आहेत, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. फौजदारानं हार खाल्ला. मानसिंगला चादर मिळाली.

संध्याकाळी साहेबांची गाडी गेली, मागोमाग जनरेटर गेला आणि त्याच्या मागोमाग रेंज.

दसऱ्याला गाव पारावर जमलं. कुणी मानसिंगला टोचून बोललं नाही. सगळे आपट्याची पानं देत होते, गळाभेट घेत होते आणि भेट घेता घेता मिशीकडं बघत होते. न्हावी सासुरवाडीला गेला होता, म्हणून मानसिंगला क्षणभर आशा वाटली. पण बिरप्पाची लोकर कातरायची कातर पाराजवळच होती.

"बस खाली," बिरप्पा म्हणाला. "फौजदाराचीबी कालच काढली. कळलंसुदीक न्हाय त्येला."

मानसिंगनं आईकडं पाहिलं.

"बोललास न्हवं?" सारजाबाई म्हणाली. "मग उतरव. गव्हाण्याची जीभ फिरत न्हाय."

मानसिंग ताठ बसला. छाती पुढं काढून. कातर दोनदा चालली आणि गालांवरचं ते सगळं राज्य मातीत पडलं. आतून जो मानसिंग बाहेर आला त्याला गावातल्या निम्म्या लोकांनी पूर्वी पाहिलेलाच नव्हता.

"बाई, किती धाकटा दिसतोय," सारजाबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली. मग जवळ येऊन हळूच पुढं म्हणाली, "मिशीचं काय एवडं घिऊन बसायचं. त्या दिशी मी जनरेटर लावला म्हनून अब्रू राहिली बग. टावर मेला असता पाव्हण्याम्होरं, तर काय झालं असतं?"

मानसिंगनं गालावरचा तिचा हात धरला. मग म्हणाला, "व्हय आई. तू होतीस म्हनून."

तो उठला, कपडे झटकले आणि गावाकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाला, "मिशी काय, म्हयन्यात उगवती. पाडव्याच्या आत ह्या टॉवरला बॅटऱ्या..."

"मान्या," सारजाबाई म्हणाली, "खाली उतर."

सोमवारी सकाळी तिघं माळावर गेले. अपेक्षानं चेहरा दाखवला, युवराजनं दाखवला. मानसिंगनं दाखवला, तर बाई म्हणाली, "चेहरा जुळत नाही." त्यानं उन्हात जाऊन दाखवला, सावलीत जाऊन दाखवला. "चेहरा जुळत नाही. नवीन फोटोसाठी ओटीपी पाठवला आहे." ओटीपी गगनवाणीच्या नंबरवर येणार होता. बोरमाळची लाईट गेलेली होती. फौजदार फोन गळ्यात घेऊन वेळेवर निघाला आणि मानसिंग गव्हाणेची आठवडाभराची गैरहजेरी लागली.